ध्रुवांवरच्या वाढत्या उष्णतेत सूर्याचा वाटा किती?

शून्यमैल | २४ मे, रात्री ८.५०

उद्यापासून नवतपा लागतो आहे. सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरल्यावरच्या या नऊ दिवसांत नागपुरात उन्हाखेरीज दुसरा विषय निघत नाही, आणि काल रात्री लाईन गेल्यावर आमच्या इमारतीची गच्ची भरली तेव्हाही तेच झाले. तिसऱ्या मजल्यावरचे एक काका, ज्यांच्या तर्कबुद्धीबद्दल मला मनापासून आदर आहे, म्हणाले, "सूर्यच तापला आहे, तिथे कर्बवायूचे काय घेऊन बसलात? उत्तर ध्रुवावर ना कारखाना ना ट्रॅफिक, तरी बर्फ तिथेच सर्वांत जास्त वितळतो आहे." मी नेहमीची उत्तरे देऊ लागलो आणि बोलता बोलता माझ्याच लक्षात आले की कारखाने नसताना ध्रुवच का, हे मला नीट सांगता येत नाही. त्यासाठी हा धागा काढतो आहे.

मला जेवढे ठाऊक आहे तेवढे आधी मांडतो. १९७९ पासूनच्या नोंदी पाहिल्या तर आर्क्टिक प्रदेश उर्वरित जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापलेला दिसतो. तिथल्या समुद्रावरचा बर्फ दरवर्षी सप्टेंबरमध्ये सर्वांत कमी होतो. १९८०च्या सुमारास तो तेव्हाही सुमारे ७० लाख चौरस किलोमीटर उरत असे, सप्टेंबर २०१२ मध्ये तो ३४ लाखांवर आला, म्हणजे आपल्या देशाच्या क्षेत्रफळापेक्षा जेमतेम थोडा जास्त. इथपर्यंत काकांचे आणि माझे एकमत आहे.

मला अडते ते पुढे. तिथली तापमानवाढ उन्हाळ्यात सर्वांत कमी आणि शरद ऋतूत व हिवाळ्यात सर्वांत जास्त आहे. ज्या महिन्यांत तिथे सूर्य क्षितिजावर येतच नाही, त्याच महिन्यांत वाढ अधिक, हे सूर्याला जबाबदार धरणाऱ्याने कसे समजावून सांगायचे? आणि सूर्याला जबाबदार न धरणाऱ्यानेही, ती उष्णता मग येते कुठून, हे कसे सांगायचे? पृथ्वीला ऊब कोण देतो हा एक प्रश्न, आणि ती ऊब गेल्या पन्नास वर्षांत वाढली कशामुळे हा दुसरा. गच्चीवर आम्ही दोन्ही एकाच दमात विचारत होतो, म्हणूनही घोळ झाला असावा.

रोहिणीकांत | २४ मे, रात्री ९.२५

ते तिसऱ्या मजल्यावरचे काका मीच. आदराबद्दल आभार, आता तो आदर बाजूला ठेवून उत्तरे द्यावीत.

मी सरकारी बांधकाम खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालो, त्यामुळे या विषयात माझे हितसंबंध कोणाशीही नाहीत. माझे म्हणणे असे आहे की सूर्य स्थिर नाही. त्याच्यावरच्या डागांची संख्या सुमारे अकरा वर्षांच्या चक्राने कमी-जास्त होते, हे श्वाबे नावाच्या जर्मन निरीक्षकाने १८४३ मध्ये प्रसिद्ध केले. १६४५ ते १७१५ या काळात हे डाग जवळजवळ नाहीसेच झाले होते, त्या काळाला माउंडर किमान म्हणतात, आणि नेमक्या त्याच काळात युरोप थंडीने गारठला होता. मे २०२४ मध्ये सूर्यावरून आलेल्या वादळाने लडाखमधल्या हानले येथे आकाश लाल झाले, ते आपण सर्वांनी छायाचित्रांत पाहिले. ध्रुवीय प्रकाश तर ध्रुवांपाशी रोजचाच. जो सूर्य ध्रुवांचे आकाश पेटवू शकतो तो ध्रुवांची हवा तापवू शकत नाही, हे मला पटवून द्यावे. शिवाय १९२० ते १९४० या काळातही आर्क्टिक प्रदेश तापला होता. तेव्हा जगात मोटारी किती होत्या?

हिशोबनीस | २४ मे, रात्री १०.०५

आयुष्यभर लोकांच्या वह्या तपासल्या, म्हणून हा विषयही वहीसारखाच पाहतो.

जमेची बाजू अशी. वातावरणाच्या माथ्यावर, सूर्याकडे तोंड करून धरलेल्या एका चौरस मीटरवर सरासरी १३६१ वॅट इतकी ऊर्जा पडते. पृथ्वी गोल आहे आणि तिचा अर्धा भाग नेहमी अंधारात असतो, त्यामुळे संपूर्ण पृष्ठभागावर ही रक्कम वाटली की वाट्याला चौथा हिस्सा येतो, म्हणजे सुमारे ३४० वॅट. १९७८ पासून उपग्रह ही मोजणी सतत करत आहेत. डागांच्या चक्रात सर्वाधिक आणि सर्वांत कमी यांतला फरक साधारण एक हजारांश, म्हणजे १३६१ मध्ये एक-सव्वा वॅट. चारने भागा, पाव वॅट उरला.

आता दुसरी नोंद. औद्योगिक युगापूर्वी हवेच्या दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते, आज ते ४२० च्या पुढे गेले आहेत. या एकट्या वायूमुळे पृथ्वीच्या खात्यात पडलेली भर १७५० ते २०१९ या काळासाठी दर चौरस मीटरला सुमारे २.२ वॅट धरली जाते. त्याच काळातला सूर्याचा बदल आयपीसीसीच्या, म्हणजे हवामानबदलावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीच्या, २०२१च्या अहवालात जवळजवळ शून्य आहे. मुख्य मुद्दा तर आकड्यापेक्षाही वेगळा आहे: सूर्याचा पाव वॅट येतो आणि जातो, अकरा वर्षांत खाते पुन्हा जिथल्या तिथे. वायूची रक्कम मात्र दरवर्षी चढत्या क्रमाने जमा होते आणि कोणी ती काढत नाही.

रोहिणीकांत साहेबांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. डिसेंबर २००८ मध्ये सुरू झालेले चोविसावे सौरचक्र शंभर वर्षांतले सर्वांत दुबळे चक्र होते. ज्याची मिळकत घटली त्याच्या घरी खर्च वाढलेला दिसला, तर मी तपासनीस म्हणून दुसरे उत्पन्न कुठून येते तेच शोधले असते.

धरमपेठी | २४ मे, रात्री १०.१२

उत्तम चर्चा. आमच्याकडेही लाईन गेली आहे, मोबाइल नऊ टक्क्यांवर आहे, सकाळी वाचतो.

भूगोलाच्या_बाई | २४ मे, रात्री ११.२०

मी बत्तीस वर्षे शाळेत भूगोल शिकवला. मुले नेमका हाच प्रश्न विचारत, आणि त्याचे उत्तर फळ्यापेक्षा गच्चीवर चांगले समजते, असा माझा अनुभव आहे.

प्रथम एक गंमत. भारताचे हिमाद्री हे संशोधन केंद्र २००८ पासून नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर न्यू-ऑलेसुंड येथे, साधारण ७९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिथे वर्षातला सर्वांत उंच सूर्य, म्हणजे २१ जूनच्या दुपारचा, क्षितिजापासून फक्त साडेचौतीस अंशांवर असतो. नागपुरात २२ डिसेंबरच्या दुपारी, म्हणजे आपल्या वर्षातल्या सर्वांत खालच्या मध्यान्हीसुद्धा, तो साडेपंचेचाळीस अंशांवर असतो. त्यांचा भर उन्हाळ्यातला सूर्य आपल्या थंडीतल्या सूर्यापेक्षाही खाली असतो. पण याची दुसरी बाजू मुलांना नेहमी चकित करत असे: तिथे जूनमध्ये सूर्य मावळत नाही, त्यामुळे २१ जूनच्या चोवीस तासांत उत्तर ध्रुवाच्या माथ्यावर पडणारी एकूण ऊर्जा नागपूरच्या माथ्यावर पडणाऱ्या ऊर्जेपेक्षा जास्त असते. विषुववृत्तापेक्षा तर ती सुमारे एक-तृतीयांशाने जास्त असते. ध्रुव थंड राहतो तो ऊन अजिबात पडत नाही म्हणून असे नसून, पडलेले ऊन पांढरा बर्फ परत पाठवतो आणि उरलेला अर्धा काळ अंधाराचा असतो म्हणून.

आता गच्ची. आमच्याकडे दर एप्रिलमध्ये गच्चीला चुना मारतात. यंदा माणूस अर्धे काम करून गेला तो परत आलाच नाही, त्यामुळे जिन्याच्या बाजूची गच्ची पांढरी आणि टाकीच्या बाजूची काळपट करडी राहिली. दुपारी तीनला पापड उचलायला गेले तेव्हा पांढऱ्या भागावर अनवाणी चार पावले टाकता आली, करड्या भागावर एकही टाकता आले नाही. एकाच गच्चीवर, एकाच सूर्याखाली. बर्फाने झाकलेला समुद्र पडलेल्या प्रकाशापैकी ८० टक्क्यांहून अधिक प्रकाश परत फेकतो, तर उघडे पाणी जेमतेम सहा-सात टक्के. बर्फ हटला की समुद्राची गच्ची पांढऱ्याची काळी होते.

आता शून्यमैल यांचा हिवाळ्याचा प्रश्न. आत्ता रात्रीचे अकरा वाजून गेले आहेत. सूर्य मावळून साडेचार तास झाले, तरी मी ज्या कठड्याला टेकून हे लिहिते आहे तो पाठीला चटका देतो आहे. दिवसभर प्यायलेले ऊन स्लॅब आणि विटा आता ओकत आहेत, म्हणून खालच्या मजल्यापेक्षा वरच्या मजल्यावर रात्री जास्त तगमग होते. ध्रुवावर दिवस सहा महिन्यांचा आणि रात्रही तशीच लांब. उघड्या समुद्राने जून ते ऑगस्टमध्ये साठवलेली उष्णता तो ऑक्टोबरपासून हवेला परत देऊ लागतो, बर्फ उशिरा धरतो, धरला तरी पातळ धरतो, आणि पातळ बर्फातून खालची ऊब आणखी सुटत राहते. म्हणून सूर्य नसलेल्या महिन्यांत वाढ जास्त दिसते. ती उष्णता उन्हाळ्याचीच असते.

रोहिणीकांत | २५ मे, सकाळी ७.१०

बाईंनी फार सुंदर समजावले, आणि नकळत माझीच बाजू मांडली. समुद्राने साठवलेली उष्णता शेवटी सूर्याचीच ना? मग सूर्य आरोपीच्या पिंजऱ्यातून सुटला कसा?

आणखी एक. पृथ्वी किती सूर्यप्रकाश शोषते याची मोजणी अमेरिकेचे सेरेस नावाचे उपकरणसंच २००० सालापासून करत आहेत, आणि शोषलेला सूर्यप्रकाश या काळात वाढलेला आहे. हे मी स्वतः शोधून वाचले आहे, व्हॉट्सअॅपवरचे नाही. हिशोबनीस साहेबांच्या वहीत ही नोंद का नाही?

आणि वैश्विक किरणांचे काय? सूर्य शांत झाला की बाहेरच्या अवकाशातले हे किरण पृथ्वीवर अधिक येतात, त्यांच्यामुळे ढग वाढतात, असा एक सिद्धांत डेन्मार्कच्या स्वेन्समार्क यांनी मांडला आहे.

फुटाळाकाठ | २५ मे, सकाळी ९.४०

मी भौतिकशास्त्राचा विद्यार्थी आहे. आधी हिशोबनीस काकांच्या वहीतली एक चूक. त्यांनी पाव वॅट काढला, पण पडलेल्या उन्हापैकी सुमारे ३० टक्के ऊन पृथ्वी परत पाठवते, ते वजा करायचे राहिले. खरा आकडा ०.१७ ते ०.२ वॅटच्या आसपास येतो. सूर्याची बाजू त्यामुळे आणखी हलकी होते, जड होत नाही.

रोहिणीकांत काकांचा सेरेसचा मुद्दा मात्र पूर्ण खरा आहे, आणि तो या चर्चेत फार कमी लोक मांडतात. शोषलेला सूर्यप्रकाश वाढला आहे. पण सूर्याकडून येणारा प्रकाश त्या काळात वाढलेला नाही; परत जाणारा प्रकाश घटला आहे. काही ठिकाणी बर्फ गेला, काही ठिकाणी खालचे ढग विरळ झाले, काही देशांच्या हवेतले प्रकाश परतवणारे गंधकाचे सूक्ष्म कण प्रदूषण नियंत्रणामुळे कमी झाले; जहाजांच्या इंधनातल्या गंधकाची मर्यादाच २०२० मध्ये ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यांवर आणली गेली. बाईंच्या गच्चीच्या भाषेत, चुना निघाला. करडा भाग जास्त तापतो याचा दोष आपण सूर्याला देत नाही, चुना अर्धवट टाकून गेलेल्या माणसाला देतो.

वैश्विक किरणांबद्दल: २००९ मध्ये सूर्य इतका शांत होता की अवकाशयुगातली या किरणांची सर्वाधिक नोंद तेव्हाच झाली. सिद्धांत बरोबर असता तर त्यानंतर ढग वाढून जग थंड व्हायला हवे होते, परंतु २०१० हे तोपर्यंतच्या सर्वांत उष्ण वर्षांपैकी एक ठरले. सर्न या युरोपातल्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत या प्रश्नासाठी क्लाउड नावाचा प्रयोग वर्षानुवर्षे चालू आहे. किरणांमुळे सूक्ष्म कण तयार व्हायला काही मदत होते असे त्यात दिसले, पण हवामान बदलण्याइतका परिणाम सिद्ध झालेला नाही.

हानलेच्या लाल आकाशाबद्दलही तेच. ध्रुवीय प्रकाश शंभर किलोमीटरहून अधिक उंचीवर पेटतो, जिथली हवा इतकी विरळ आहे की तिथली उष्णता जमिनीपर्यंत पोहोचत नाही. दिसायला तो प्रचंड, ऊर्जेच्या हिशेबात मात्र सूर्यप्रकाशापुढे नगण्य. सूर्याच्या अतिनील किरणांतला बदल एकूण प्रकाशातल्या बदलापेक्षा बराच जास्त असतो, तो ओझोनच्या थरामार्फत उत्तर युरोपच्या हिवाळ्यावर थोडाफार परिणाम करतो असे दिसते, एवढे मान्य करायला हरकत नाही. पण तो प्रदेशापुरता आणि तात्पुरता असतो.

आता मला सर्वांत निर्णायक वाटणारा पुरावा. सूर्य तापला असता तर वातावरण वरपासून खालपर्यंत सगळेच तापले असते. प्रत्यक्षात जमिनीलगतचा थर, म्हणजे तपांबर, तापतो आहे आणि त्यावरचे स्थितांबर थंड होते आहे. स्थितांबर थंड होण्यात ओझोन घटल्याचाही वाटा आहे, पण जितके वर जावे तितका कार्बन डायऑक्साइडचा परिणाम ठळक होतो. हे घडेल असे गणित स्युकुरो मानाबे आणि रिचर्ड वेदराल्ड यांनी १९६७ मध्येच करून ठेवले होते, उपग्रहांनी मोजण्याच्या कितीतरी आधी. मानाबे यांना २०२१ चे नोबेल मिळाले.

शून्यमैल | २५ मे, सकाळी १०.१५

फुटाळाकाठ, एक शंका. समजा बर्फ हलवलाच नाही, परावर्तन तेवढेच ठेवले, तरी ध्रुव जास्त तापेल का? की सगळा खेळ बर्फाच्या रंगाचाच आहे?

फुटाळाकाठ | २५ मे, दुपारी १२.५०

तरीही जास्तच तापेल, आणि हे मला स्वतःला कळायला वेळ लागला. वस्तू जितकी थंड, तितकी ती एक अंशाच्या वाढीमागे कमी उष्णता बाहेर टाकते. वजा ३० अंशांवरचा पृष्ठभाग एक अंशाने तापला तर तो दर चौरस मीटरला सुमारे ३.३ वॅट जास्त सोडतो, तर ३० अंशांवरचा पृष्ठभाग त्याच एका अंशासाठी ६.३ वॅट सोडतो. म्हणजे तेवढाच जादा भार उतरवायला थंड ध्रुवाला जवळजवळ दुप्पट अंश चढावे लागते.

दुसरे कारण हवेच्या थरांचे. आपल्याकडे दुपारी तापलेली हवा वर जाते आणि उष्णता उंचावर नेऊन टाकते. आर्क्टिकच्या हिवाळ्यात थंड, जड हवा जमिनीला चिकटून बसते आणि तिच्यावर उबदार हवा झाकणासारखी असते, त्यामुळे आलेली जादा उष्णता खालच्या पातळ थरातच कोंडली जाते. काही अभ्यासांत या दोन कारणांचा एकत्रित वाटा बर्फाच्या रंगाच्या वाट्यापेक्षाही मोठा निघाला आहे. स्वीडनच्या अर्हेनियस यांनी १८९६ मध्ये हाताने आकडेमोड करून कार्बन डायऑक्साइड वाढल्यास उच्च अक्षांश अधिक तापतील असे लिहिले होते, हे यासोबत आठवते. कारखाने ध्रुवावर असण्याची गरजच नाही, कारण वायू महिन्या-वर्षांत साऱ्या जगभर मिसळतो.

महालातला | २५ मे, दुपारी १.३०

विषयाला धरूनच एक सांगतो. मे २०२४ च्या अखेरीस आपल्याच शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले होते, देशभर बातमी झाली, आणि मग संवेदक बिघडल्याचे स्पष्ट झाले. आमच्या पानठेल्यावर मात्र आजही ५६ हाच खरा आकडा आहे. नागपूरचा नोंदलेला उच्चांक २३ मे २०१३ चा ४७.९ आहे. आकडा कुठे, कोणत्या उपकरणाने, कोणत्या उंचीवर मोजला हे विचारल्याशिवाय सूर्याच्या बाजूनेही बोलू नये आणि विरुद्धही बोलू नये.

रोहिणीकांत | २५ मे, सायंकाळी ६.४०

दुपारभर कूलरसमोर बसून सर्व वाचले. स्थितांबराच्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही, तो मी मान्य करतो. सेरेसचा मुद्दा खरा आहे हे आपण कबूल केलेत, त्याचे समाधान वाटले. वादात इतकी सचोटी क्वचित भेटते.

दोन गोष्टी अजून खटकतात. हिमयुगे आली-गेली ती सूर्याच्या उन्हामुळेच, हे तर शाळेत शिकवतात. आणि अंटार्क्टिकाच्या जुन्या बर्फातल्या हवेच्या बुडबुड्यांवरून असे दिसते की आधी तापमान वाढले आणि कार्बन डायऑक्साइड नंतर वाढला. कारण आधी आणि परिणाम नंतर, हे तर आपण मानतो ना?

भूगोलाच्या_बाई | २५ मे, रात्री ९.००

दोन्ही गोष्टी शाळेत मीच शिकवल्या आहेत, त्यामुळे उत्तरही मीच द्यायला हवे.

हिमयुगांच्या मागे सूर्याचे तेज बदलणे नव्हते, पृथ्वीची बैठक बदलणे होते. सर्बियाच्या मिलांकोविच यांनी त्याचे गणित मांडले. पृथ्वीच्या आसाचा कल सुमारे ४१ हजार वर्षांच्या आवर्तनाने २२ ते साडेचोवीस अंशांदरम्यान हलतो, कक्षेचा आकार सुमारे एक लाख वर्षांत थोडा बदलतो, आणि पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ कोणत्या ऋतूत असते तेही वीस-बावीस हजार वर्षांत फिरत जाते. आज ती जानेवारीच्या सुरुवातीला सर्वांत जवळ आणि जुलैच्या सुरुवातीला सर्वांत दूर असते. ही बाब मी मुद्दाम सांगते, कारण नवतप्यात सूर्य जवळ येतो असे अनेकांना वाटते, प्रत्यक्षात तो या दिवसांत दूरच जात असतो. या सगळ्याचा परिणाम ६५ अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास उन्हाळ्यात किती ऊन पडते यावर होतो. तिथला उन्हाळा कोमट राहिला की मागच्या हिवाळ्याचा बर्फ वितळत नाही आणि साठत जातो.

या गणितानुसार आज काय व्हायला हवे? गेली सुमारे दहा हजार वर्षे आर्क्टिकचे उन्हाळी ऊन हळूहळू कमी होत आले आहे आणि आसाचा कल अजूनही घटतोच आहे. म्हणजे तिथे फार सावकाश थंडावा वाढायला हवा, आणि विसावे शतक उजाडेपर्यंत तसेच चालले होते. पृथ्वीची बैठक उलट्या दिशेला असताना ध्रुव तापतो आहे.

बुडबुड्यांबद्दल आपले निरीक्षण बरोबर आहे. हिमयुगे संपताना अंटार्क्टिकाच्या नोंदींत तापमान आधी वाढू लागलेले दिसते आणि वायू काही शतकांनी. उन्हाने सुरुवात केली, तापलेल्या समुद्राने आपल्यातला वायू सोडला, आणि त्या वायूने ती वाढ जगभर पसरवून पुढे नेली. तेव्हा वायू समुद्रातून बाहेर पडला, आज तो जमिनीतून काढून आपण सोडतो आहोत. त्या बर्फाच्या आठ लाख वर्षांच्या नोंदीत हवेच्या दर दहा लाख भागांतले या वायूचे प्रमाण तीनशेच्या आसपासच थांबत आले आहे, कधीही चारशेवर गेलेले नाही.

माउंडर किमानाबद्दल काल राहून गेले. युरोपातली ती थंडी डाग नाहीसे होण्याच्या बरीच आधीपासून सुरू झाली होती आणि तिच्यात ज्वालामुखींच्या राखेचा व गंधकाचा मोठा हात होता. तसा शांत सूर्य आज पुन्हा आला तरी जगाचे तापमान ०.३ अंशांपेक्षा जास्त उतरणार नाही असे अंदाज आहेत. एकट्या २०२४ वर्षाची सरासरीच एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापेक्षा सुमारे दीड अंशाने वर होती.

धरमपेठी | २५ मे, रात्री ९.३०

सगळे वाचले. पण हे सारे उत्तर ध्रुवाचे झाले. दक्षिणेकडे २०१४ पर्यंत समुद्री बर्फ उलट वाढत होता ना?

हिशोबनीस | २५ मे, रात्री १०.१०

वाढत होता, २०१४ मध्ये हिवाळी विस्तार २०० लाख चौरस किलोमीटरच्या वर गेला होता. फेब्रुवारी २०२३ मध्ये उन्हाळी विस्तार १८ लाखांच्याही खाली घसरला. उत्तरेला जमिनीने वेढलेला समुद्र आहे, दक्षिणेला समुद्राने वेढलेली, बर्फाच्या हजारो मीटर जाड थराने झाकलेली जमीन आहे, आणि भोवतालचा खोल महासागर उष्णता गिळून खाली नेतो. दोन वह्या वेगळ्या आहेत. मात्र सूर्य दोघांनाही एकच आहे, म्हणून हा फरकच सांगतो की उत्तर केवळ सूर्यात शोधता येणार नाही.

फुटाळाकाठ यांनी दाखवलेली चूक मान्य. चाळीस वर्षे इतरांच्या वजावटी तपासल्या आणि स्वतःची विसरलो.

शून्यमैल | २६ मे, दुपारी १२.४०

आज नागपुरात शून्य सावलीचा दिवस. आपला अक्षांश २१ अंशांच्या किंचित वर, त्यामुळे सूर्य आज बरोबर डोक्यावर येतो. टाकीशेजारी झाडूचा दांडा ओळंब्याने सरळ उभा केला, रोहिणीकांत काकांचाच ओळंबा होता. बारा वाजून दहा मिनिटांच्या सुमारास दांड्याची सावली त्याच्या बुंध्यात शिरली आणि बाजूला ठेवलेल्या पाण्याच्या डब्यालाही सावली उरली नाही. जेमतेम दोन-तीन मिनिटे आम्ही तिथे उभे राहू शकलो.

परत येताना जिन्यात मला सुचले ते लिहितो. सूर्य पुन्हा याच उंचीवर, बरोबर डोक्यावर, १७ जुलैच्या सुमारास येईल. तोच सूर्य, तोच कोन, तीच वेळ. आज पारा ४४-४५ च्या घरात आहे आणि जुलैच्या मध्यात तो सहसा ३१-३२ च्या आसपास असतो. मधल्या सात आठवड्यांत सूर्यात काहीच बदललेले नसते; वर ढग आलेले असतात आणि खाली जमीन ओली झालेली असते.

रोहिणीकांत | २६ मे, दुपारी ४.१५

जिन्यात सुचलेले जिन्यातच सांगितले असते तर मला इथे टंकायचे कष्ट पडले नसते.

जुलैचा मुद्दा मला पटला, आणि इतर सर्व मुद्द्यांपेक्षा जास्त पटला, कारण तो मी सत्तर पावसाळे पाहिला आहे आणि तसा कधी विचार केला नव्हता. गेल्या पन्नास वर्षांतली ध्रुवांवरची वाढ सूर्याच्या माथी मारता येत नाही; माझे ते म्हणणे मी मागे घेतो म्हणजे घेतो. १९२० ते १९४० च्या आर्क्टिकमधल्या वाढीबद्दल मात्र मी माझे म्हणणे सोडलेले नाही.

फुटाळाकाठ | २६ मे, सायंकाळी ५.००

ते सोडायची गरजही नाही, काका. त्या काळातल्या वाढीत समुद्र आणि वाऱ्यांच्या नैसर्गिक चढउतारांचा मोठा भाग होता, आणि त्या दशकांत सूर्यही थोडा अधिक सक्रिय झाला होता, त्यामुळे त्याचाही लहानसा वाटा धरला जातो. १९८० नंतर सूर्याचा कल किंचित उतरता आणि तापमानाचा चढता, तिथून पुढे दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या.

भूगोलाच्या_बाई | २६ मे, रात्री ८.३०

रोहिणीकांतजी, आपण बांधकाम खात्यात होता असे वाचले. उरलेल्या अर्ध्या गच्चीसाठी चुना किती लागेल आणि त्यात डिंक घालावा की फेविकॉल, तेवढे सांगावे. जुना माणूस अजून फोन उचलत नाही.

रोहिणीकांत | २६ मे, रात्री ८.५०

गच्चीची लांबी-रुंदी कळवा. चुना रात्रभर भिजू द्या, फेविकॉल बेताचाच घाला, आणि हात सकाळी सहाच्या आत मारा. ऊन चढल्यावर मारलेला चुना पापुद्रे धरून निघतो. कुंचा आणि शिडी माझ्याकडे आहे.